रानात विसावलेल्या मोटारी

पाइनची उंच, सरळसोट झाडं. पायाखाली ओल्या स्पंजसारखं दबणारं शेवाळ. मधूनच एखाद्या पाखराची शीळ, बाकी सगळं शांत. आणि अशा त्या हिरव्या शांततेत दोन गोल डोळे तुमच्याकडे टक लावून पाहत असतात. दचकून जवळ जावं, तर ते मोटारीचे दिवे! काचा गेलेल्या, टपावर शेवाळाची गादी अंथरलेली, आणि जिथे एके काळी इंजिन धडधडत होतं तिथून मनगटाएवढं जाड बर्चचं झाड सरळ आभाळाकडे निघालेलं. तिच्या मागे दुसरी गाडी, त्या पलीकडे तिसरी. मोजत गेलात तर आकडा दीडशेच्या आसपास जाऊन थांबतो.

हे दृश्य कुठल्या रहस्यकथेतलं नाही. स्वीडन देशाच्या दक्षिण भागात स्मोलंड नावाचा प्रांत आहे, तिथल्या रीद या छोट्याशा गावाबाहेर ही जागा आहे. नाव शिरकॉ मोस्से. मोस्से म्हणजे दलदल. या दलदलीतल्या मोटारी पाहायला आज देशोदेशीचे लोक वाट वाकडी करून येतात, पोराबाळांना घेऊन येतात, फोटो काढतात. पण एके काळी याच गाड्या सरकारी भाषेत ‘हटवण्याजोगा कचरा’ होत्या, आणि त्या हटवण्याचं फर्मान एका म्हाताऱ्या माणसाच्या हाती पडलं होतं.

स्मोलंडबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. घरातलं फर्निचर सुट्या भागांत विकणारी आइकिया कंपनी आपल्याकडे २०१८ साली हैदराबादला आणि २०२० साली नवी मुंबईत आली, ती मूळची याच प्रांतातली. दगडाळ जमीन, दाट जंगल, शेतीत फारसा राम नाही. त्यामुळे इथली माणसं पै-पैचा हिशेब ठेवणारी म्हणून स्वीडनभर प्रसिद्ध. आपल्याकडे पुणेकरांवर जसे विनोद होतात, तसे तिकडे स्मोलंडकरांवर होतात म्हणा ना! वस्तू टाकून देणं या लोकांच्या जिवावर येतं. आपल्या कथेचे नायक ऑके डॅनिएल्सन हे अशा मुलखात वाढलेले गृहस्थ.

दलदलीचा मालक

डॅनिएल्सन यांचा जन्म १९१४ चा. ऐन तारुण्यात, १९३०च्या दशकात, त्यांनी ही दलदल विकत घेतली. दलदल कशाला कोण विकत घेईल, असं आपल्याला वाटेल. पण त्या चिखलात पैसा होता. अशा थंड प्रदेशातल्या पाणथळ जागी शेवाळ आणि झाडपाला हजारो वर्षं साचत राहतो, पूर्ण कुजत नाही, आणि त्याचे काळपट थर तयार होतात. त्याला पीट म्हणतात. विटांसारखे तुकडे कापायचे, उन्हावाऱ्यात वाळवायचे, की झालं जळण तयार. आपल्या शेणाच्या गोवऱ्यांचा हा लांबचा भाऊच.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा स्वीडन तटस्थ राहिला, पण बाहेरून येणारा कोळसा आणि तेल आटलं. पेट्रोल तर इतकं दुर्मीळ झालं, की सत्तर हजारांहून जास्त मोटारी लाकडाच्या आणि कोळशाच्या गॅसवर पळू लागल्या. (गाडीच्या पाठीला बंब जोडलेल्या कोळशाच्या बस आपल्याकडेही त्याच काळात धावत होत्या. घरात कुणी नव्वदीपार आजोबा असतील, तर त्यांना विचारून पाहा.) साहजिकच जळणाला सोन्याचा भाव आला आणि पीट खणणाऱ्याला काम पुरं पडेना.

युद्ध संपलं, कोळसा आणि तेल पुन्हा येऊ लागलं, आणि पीटला कुणी विचारेना. दलदल होती तिथेच होती, मालक होता तिथेच होता, फक्त गिऱ्हाईक नाहीसं झालं. तेव्हा डॅनिएल्सन यांनी दुसरा धंदा शोधला. जुन्या, मोडक्या मोटारी विकत घ्यायच्या आणि त्यांचे सुटे भाग विकायचे.

मुहूर्त मात्र चांगला साधला. युद्धानंतरच्या स्वीडनमध्ये मोटार ही चैनीची वस्तू राहिली नव्हती. व्होल्वो कंपनीने १९४४ साली, युद्ध चालू असतानाच, स्टॉकहोममध्ये पीव्ही ४४४ नावाची छोटी गाडी लोकांपुढे मांडली आणि किंमत सांगितली ४,८०० क्रोनर. म्हणजे कंपनीच्या १९२७ सालच्या पहिल्या गाडीची जी किंमत होती, तीच! लोकांनी धडाधड नावं नोंदवली. प्रत्यक्ष गाडी हातात पडायला १९४७ साल उजाडलं, पण तिथून जी लाट उसळली ती थांबली नाही. १९५० साली देशात अडीच लाखांच्या आसपास मोटारी होत्या, पुढच्या दहा वर्षांत त्या दहा लाखांच्या पार गेल्या. शाळामास्तर, पोस्टमन, कारखान्यातला कामगार, सगळ्यांच्या दारात गाडी आली. आणि गाडी आली की दुरुस्ती आली. नवा सुटा भाग महाग, मग जुन्या गाडीचं दार, काच, चाक, गिअरबॉक्स शोधत माणूस भंगारवाल्याकडे जाणारच. कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतल्या मायापुरीच्या बाजारात ज्यांनी आपल्या गाडीसाठी एखादा पार्ट शोधला असेल, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

फरक एवढाच, की आपल्या बाजारात गाडीचा शेवटचा खिळाही विकला जातो. दलदलीत तसं होत नसे. कामाचे भाग काढून घेतले की उरलेला सांगाडा तिथेच राही. तो ओढून कारखान्यापर्यंत नेण्याचा खर्च लोखंडाच्या किमतीहून जास्त. शिवाय जागा स्वतःची, भाडं कुणाला द्यायचं नाही. कोण कशाला हलवेल? एकीमागे एक गाडी येत गेली आणि झाडांच्या मधल्या फटीत आपली जागा पकडून बसली. ओपेल, फोर्ड, फोक्सवॅगन, व्होल्वो. महागडं, दुर्मीळ असं त्यात फारसं काही नव्हतं. शेजारपाजारच्या माणसांनी वापरून वापरून थकवलेल्या त्या गाड्या.

मग सरकारी नियम आले. १९६५ पासून स्वीडनमध्ये गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. ब्रेक, स्टिअरिंग, गंज सगळं बघून पास-नापास ठरू लागलं, आणि कित्येक म्हाताऱ्या गाड्या एका फटक्यात रस्त्याबाहेर गेल्या. लोक त्या वाटेल तिथे सोडून देऊ लागले, तेव्हा १९७५ साली मोटारी भंगारात काढण्याबद्दलचा कायदा झाला. गाडी अधिकृत भंगारवाल्याकडे जमा करा आणि बक्षीस म्हणून पैसे घ्या, अशी ती योजना. एकट्या माणसाच्या, जंगलातल्या धंद्याचे दिवस भरले. सत्तरच्या दशकात डॅनिएल्सन यांनी काम थांबवलं.

गाड्या मात्र राहिल्या.

जंगल कसं काम करतं

माणसाने हात काढून घेतला की जंगल कामाला लागतं, आणि त्याच्या कामाला एक क्रम असतो. पहिल्यांदा गाडीचा तळ जातो. ओल्या जमिनीला टेकलेलं लोखंड खालून गंजत येतं, दारांखालच्या पट्ट्या भुगा होऊन पडतात, मग जमीन आणि गाडीची फरशी यांत भेद उरत नाही. हिवाळ्यात इंजिनाच्या पोटात राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि ओतीव लोखंडाला तडा देतं. खिडकीच्या रबरात, टपाच्या कडेला, जिथे पाणी अडतं तिथे आधी शेवाळ धरतं. गळलेली पानं बॉनेटखाली साचून कुजतात, त्या मूठभर मातीत बर्चचं एखादं बी पडतं, आणि वीस वर्षांनी ते झाड गाडीला कवेत घेऊन उभं राहतं. सीटचं कापड आणि भुसा उंदीर-पाखरं घरट्यांसाठी नेतात. स्प्रिंगा तेवढ्या उघड्या पडतात. सगळ्यात शेवटपर्यंत तग धरतात त्या काचा आणि क्रोमचे दागिने. म्हणून अशा रानात एखादी गाडी संपूर्ण तपकिरी झालेली असते, पण तिच्या नाकावरचं कंपनीचं नाव मात्र पावसानंतर लख्ख चमकतं.

एक गमतीची गोष्ट. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटेपर्यंत वाहनं आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत. त्या दिवशी साऱ्या देशाने एकदम बाजू बदलली. पण तिथल्या मोटारींची स्टिअरिंगं त्या आधीपासूनच डावीकडे होती! म्हणजे या दलदलीतल्या जुन्या गाड्यांचे चालक आयुष्यभर रस्त्याच्या कडेला चिकटून बसत आणि समोरून कोण येतंय ते पाहायला माना लांब करत. आज गंजलेल्या स्टिअरिंगांकडे पाहताना हे आठवलं, की त्या चालकांची कीव येते.

नोटीस आणि नंतर

पर्यावरण खात्याचे लोक एक दिवस दलदलीकडे वळणार हे ठरलेलंच होतं. गाड्या उचला, जागा साफ करा, असा तगादा डॅनिएल्सन यांच्यामागे लागला. खात्याची बाजू अगदीच चुकीची होती असं नाही म्हणता येणार. जुन्या मोटारीत इंजिन ऑइल असतं, बॅटरीत शिसं आणि आम्ल असतं, ब्रेकच्या पट्ट्यांत त्या काळी अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. दलदल म्हणजे जमिनीतल्या पाण्याचं दारच. आपल्या विहिरीशेजारी कुणी दीडशे मोटारी सडत ठेवल्या, तर आपणही तक्रार करूच की.

पण दुसऱ्या बाजूला उतारवयाचा एक माणूस होता आणि त्याने आयुष्यभर जमवलेलं एवढंच होतं. दलदलीतल्या छोट्याशा घराभोवती त्याचं सगळं जग. एवढे सांगाडे उपसायचे तर क्रेन हवी, ट्रक हवेत, आणि ते आत आणायला झाडं तोडून रस्ता हवा. म्हणजे निसर्ग वाचवण्यासाठी आधी निसर्गावर कुऱ्हाड! शिवाय एव्हाना आजूबाजूच्या लोकांना आणि लांबून येणाऱ्या पाहुण्यांना त्या जागेचा लळा लागला होता. असू द्या गाड्या, त्या आता रानाच्याच झाल्या आहेत, असा सूर निघू लागला. ज्या नगरपालिकेच्या हद्दीत ही जागा येते तिचं नाव टिंग्सरीद. लोकमत तिच्या कानावर पडत राहिलं.

डॅनिएल्सन २००० साली वारले. त्यानंतर पालिकेने ठरवलं, की गाड्या ४९ वर्षं हलवायच्या नाहीत. २०५० पर्यंत त्यांना अभय. कचरा म्हणून नोटीस निघालेल्या सांगाड्यांना पर्यटनस्थळाचा मान मिळाला. छोटं लाकडी घरही जागेवर आहे. पाहायला येणाऱ्यांनी फक्त पाहायचं, आठवण म्हणून दाराची मूठ किंवा चकचकीत अक्षरं काढून न्यायची नाहीत, एवढीच अपेक्षा.

दंतकथा आणि हिशेब

प्रत्येक जंगलातल्या गाड्यांचं नशीब असं निघालं नाही. बेल्जियमच्या दक्षिण टोकाला शातियाँ नावाचं गाव आहे. तिथल्या झाडीत एका ओळीत उभ्या असलेल्या मोटारींचे फोटो जगभर फिरले. वाहतूक तुंबली आहे आणि सगळे चालक उतरून निघून गेले आहेत, असं वाटायला लावणारं ते दृश्य. फोटोबरोबर एक गोष्टही फिरली. महायुद्धानंतर मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना गाड्या जहाजाने न्यायला परवडेना, म्हणून पुन्हा येऊन नेऊ या बोलीवर त्यांनी त्या जंगलात लपवल्या, आणि कुणी परत आलंच नाही.

गोष्ट सुंदर आहे. अडचण एवढीच, की त्या रांगेतल्या बऱ्याचशा गाड्या पन्नास आणि साठच्या दशकांतल्या होत्या. १९४५ साली घरी गेलेला सैनिक तेव्हा न बनलेली गाडी लपवणार कशी? खरा प्रकार साधा होता. तोही मोडक्या गाड्यांचाच साठा. पण दंतकथेने गर्दी खेचली, गर्दीबरोबर सुटे भाग चोरणारेही आले, आणि २०१० साली ती जागा साफ झाली. आज तिथे नुसती झाडं आहेत.

स्वीडन-नॉर्वे सीमेजवळच्या बोस्तनेस इथल्या रानात तर याहून कितीतरी जास्त गाड्या आहेत. हजाराच्या घरात असल्याचं सांगतात. तिथेही सैनिकांची तीच गोष्ट ऐकवली जाते. पण हिशेब पाहिला तर तो जास्त मजेदार आहे. युद्धानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी नॉर्वेने मोटारींच्या विक्रीवर परवान्याची बंधनं घातली, ती थेट १ ऑक्टोबर १९६० ला उठली. नवी गाडी मिळत नाही म्हटल्यावर जुनीच जपायची, आणि जपायची तर सुटे भाग हवेत. सीमेच्या अलीकडे भंगाराचा साठा करणाऱ्याची चांदी झाली. परवाना-राज आणि गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावणं आपल्या पिढीने भोगलं आहे, आपल्याला हे पटकन कळेल.

स्वित्झर्लंडची तऱ्हा आणखी निराळी. बर्नजवळच्या काउफडॉर्फ गावात मेसर्ली कुटुंबाच्या आवारात १९३० च्या दशकापासून गाड्या साठत गेल्या होत्या, झाडं त्यांच्या अंगावर वाढली होती. इथेही पर्यावरणाच्या नियमांवरून वाद पेटला. कलावंतांनी जागा वाचवायला २००८ साली तिथे प्रदर्शन भरवलं, माणसं लोटली. पण घड्याळासारख्या चालणाऱ्या त्या देशात नियम तो नियम. २००९ च्या सप्टेंबरात गाड्यांचा लिलाव झाला आणि मैदान मोकळं झालं.

याउलट अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात व्हाइट नावाच्या गावी डीन लुइस यांनी कुणाचंच ऐकलं नाही. त्यांच्या आईवडिलांनी १९३१ साली किराणा दुकान काढलं, पुढे गाड्यांचे भाग विकायला सुरुवात झाली, आणि मुलाने ३४ एकरांच्या रानात चार हजारांहून जास्त गाड्या जमवल्या. लोखंडाचा भाव चढला तरी त्या मशीनखाली चिरडायला दिल्या नाहीत. उलट तिकीट लावलं, आणि कॅमेरा घेऊन येणाऱ्याला जास्त! भंगारवाल्याचा मुलगा तो, धंद्याची नजर कुठे जाणार? हेच गृहस्थ थर्मोकोलच्या कॉफीच्या कपांवर पेनने नक्षी काढत बसतात आणि तेही मांडून ठेवतात.

फेरारी आणि मास्तरांची गाडी

रानात गाड्या शोधत हिंडणाऱ्या शौकिनांच्या मनात एक स्वप्न असतं, आणि ते २०१४ साली फ्रान्समध्ये खरं झालं. ट्रकच्या धंद्यात पैसा कमावलेल्या रॉजे बायाँ यांनी एके काळी मोटारींचं संग्रहालय काढायचं ठरवून गाड्या जमवल्या होत्या. सत्तरच्या दशकात धंदा बुडाला, काही गाड्या विकाव्या लागल्या, उरलेल्या पत्र्याच्या शेडखाली पडून राहिल्या. त्यांच्या पश्चात लिलाववाले येऊन पाहतात तो काय, वेलींनी वेढलेल्या साठेक गाड्या, आणि जुन्या मासिकांच्या ढिगाखाली दडलेली १९६१ सालची एक फेरारी! नट आलँ दलाँ यांनी वापरलेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात या एका गाडीला सव्वासोळा कोटी नाही, एक कोटी साठ लाखांहून जास्त युरो मिळाले. रुपयात शंभर कोटींच्या वर!

ही बातमी वाचून आपल्याही परसातल्या ताडपत्रीकडे कुणी आशेने पाहिलं असेल. पण फेरारीची काळजी करायची गरज नसते. तिला लिलाववाला मिळतो, संग्रहालय मिळतं. आपल्याकडेही संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस जपल्या गेल्या. अहमदाबादजवळ प्राणलाल भोगीलाल यांनी उभं केलेलं जुन्या मोटारींचं संग्रहालय पाहिलं तर डोळे दिपतात. प्रश्न असतो तो शाळामास्तरांच्या गाडीचा. ज्या गाडीतून लग्नाचं वऱ्हाड गेलं, बाळंतीण घरी आली, जिच्या टपावर गाद्या बांधून बदलीच्या गावी बिऱ्हाड नेलं, ती गाडी कोण ठेवतो? लाखांनी होत्या, म्हणून एकीचीही किंमत नव्हती.

मुंबईत नेमकं हेच झालं. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने या शहराच्या तीन पिढ्या वाहिल्या. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली होती ऑक्टोबर २००३ मध्ये. ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून गेली. निदान एक तरी गाडी सरकारने जपून ठेवावी, अशी विनंती टॅक्सीवाल्यांच्या संघटनेला करावी लागली. हजारोंमधली एक! केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली हे खरं, ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी आणि नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये मोजायला हवेत. मास्तरांच्या वारसांना ते परवडेलच असं नाही.

शिरकॉ मोस्सेतल्या गाड्यांवर कुणी असा खर्च केला नाही. रंग लावला नाही, छप्पर घातलं नाही. फक्त हात लावायचा नाही, एवढंच ठरवलं. पाऊस पडतोय, बर्फ पडतंय, गंज आपलं काम करतोच आहे. २०५० साली मुदत संपेल आणि पालिकेची माणसं कागद घेऊन दलदलीत येतील, तेव्हा कितीशा गाड्या ओळखू येतील कोण जाणे. बर्चची झाडं मात्र तोवर चांगलीच जून झालेली असतील, आणि त्यातल्या एखाद्याच्या बुंध्यात व्होल्वोची चार-दोन चकचकीत अक्षरं रुतून बसलेली सापडतील.